पॅराशूट उघडलं होतं

(दहावी १९८५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख करून देताना आपल्या निवेदिका मैत्रिणीने "आकाशातून उडी मारणारा आपला वर्गमित्र" असं म्हटलं. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, मलाही बरं वाटलं. पण शाळेत माझी ओळख नेमकी उलटी होती, हे इथल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. सुट्टीत तुम्ही सगळे कृष्णेच्या घाटावरून पाण्यात उड्या मारायचात आणि मी पायरीवर बसून तुमचे कपडे सांभाळायचो. एकदाही उडी मारली नाही. ती राहिलेली उडी मी वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कॅलिफोर्नियात, तेरा हजार फुटांवरून मारली.

मला संयोजकांनी वीस मिनिटं दिली आहेत आणि "काहीतरी रोमांचक सांग" असं सांगितलं आहे. रोमांचक थोडंच आहे. मुख्यतः मला आज एक कबुली द्यायची आहे.

२०१९ मध्ये माझा पाय मोडला, तेव्हा आपल्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, "पॅराशूट नीट उघडलं नाही, थोडक्यात वाचलो." तुम्ही काळजीने फोन केलेत. एका मैत्रिणीने इथे गणपतीला अभिषेक केला. मित्रांनो, ते मी खोटं लिहिलं होतं. पॅराशूट उघडलं होतं. अगदी व्यवस्थित, चौकोनी, सुंदर उघडलं होतं. पाय मी मोडून घेतला, आणि तो जमिनीपासून शंभर फुटांवर असताना.

हे आज का सांगतोय? आपल्या वर्गातल्या एका मित्राची मुलगी पुढच्या वर्षी शिकायला परदेशी चालली आहे. पुण्याच्या शीतल महाजन यांच्याबद्दल तिने लहानपणापासून वाचलं आहे. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारणाऱ्या, २०११ मध्ये पद्मश्री मिळालेल्या आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी मारणाऱ्या त्या शीतलताई. या मुलीला स्कायडायव्हिंग शिकायचं आहे. आणि तिचा बाप तिला सांगतो, "बघ, काकाचं पॅराशूट उघडलं नव्हतं. हा सगळा नशिबाचा खेळ." तिने मला विचारलं, "काका, खरंच नशिबाचा खेळ असतो का?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तर बाळा, तू इथे मागे बसली आहेस ते मला दिसतंय. उत्तर सगळ्यांसमोर देतो.

आधी पाठीवर काय असतं ते सांगतो. एका पिशवीत दोन पॅराशूट असतात. एक मुख्य, जे आपण स्वतः घडी घालतो. दुसरं राखीव, ज्याला रिझर्व्ह म्हणतात. त्याची घडी अमेरिकेत परवानाधारक माणूसच घालतो आणि दर १८० दिवसांच्या आत ते पुन्हा तपासून घ्यावं लागतं. मुख्य बिघडलं, तर एक हँडल ओढून ते सोडून द्यायचं आणि दुसरं ओढून रिझर्व्ह उघडायचं. मुख्य सुटताक्षणी रिझर्व्हची पिन आपोआप ओढणारी एक पट्टीही असते. आणि माणूस बेशुद्ध पडला किंवा भान हरपला तर? त्यासाठी एक छोटं यंत्र असतं. सायप्रेस नावाचं असं यंत्र १९९१ मध्ये आलं. साधारण ७५० फुटांवर येऊनही माणूस ताशी सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असेल, तर ते रिझर्व्हची दोरी कापतं आणि रिझर्व्ह उघडतं. या यंत्राने किती घरांतले दिवे विझता विझता वाचवले असतील!

म्हणजे "उघडलं नाही तर?" या प्रश्नावर हुशार माणसांनी भरपूर डोकं चालवून ठेवलं आहे. २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि दहा माणसं गेली. दहाही जास्तच. पण अपघातांचे अहवाल वाचलेत की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. धडधाकट, पूर्ण उघडलेल्या पॅराशूटखाली माणसं मरतात आणि हातपाय मोडून घेतात. का, ते समजायला पॅराशूट म्हणजे काय ते नीट समजायला हवं.

आपल्या डोक्यात पॅराशूट म्हणजे गोल छत्री. आपल्या सातारा जिल्ह्यात घराघरात कोणी ना कोणी फौजेत. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाईलला उतरलेली २ पॅरा ही मराठा पलटणीतून घडलेली बटालियन. ते जवान गोल छत्रीखाली उतरले. ती फारशी वळवता येत नाही, वारा नेईल तिकडे जायचं आणि पडायचं कसं ते शिकून ठेवायचं. आजचं खेळाचं पॅराशूट मात्र छत्री नाही, तो पंख आहे. पुढून हवा आत भरते, कापड फुगून विमानाच्या पंखासारखा आकार घेतं आणि ते पुढे पळू लागतं. दोन हातांत दोन दोऱ्या. उजवी ओढली की उजवीकडे, डावी ओढली की डावीकडे. दोन्ही एकदम ओढल्या की ब्रेक.

उतरण्याची एक पद्धत ठरलेली असते. हजार फुटांवर वारा पाठीशी घेऊन मैदानाच्या बाजूने जायचं, सहाशेच्या आसपास काटकोनात वळायचं, तीनशेला शेवटचं वळण घेऊन वाऱ्याला तोंड द्यायचं. मग वळायचं नाही. नजर समोर, पायाखाली नाही. जमीन दहा-बारा फुटांवर आली की दोन्ही दोऱ्या सारख्या, सावकाश खाली. पंख वर उचलतो, वेग मरतो आणि जिन्याची शेवटची पायरी उतरावी तसं पाऊल जमिनीवर पडतं. याला फ्लेअर म्हणतात.

आता माझा गुन्हा. पॅराशूटचा आकार चौरस फुटांत मोजतात. आपलं वजन अधिक सामानाचं वजन पौंडात घ्यायचं आणि त्याला त्या आकाराने भागायचं. उत्तर एकच्या खाली असेल तर नवशिक्याला बरं. माझं सामानासकट वजन १९८ पौंड. २१० चं पॅराशूट म्हणजे ०.९४. पॅराशूट जितकं लहान, तितकं ते जलद पळतं, जलद वळतं आणि वळताना जास्त उंची खातं. मोठं पॅराशूट चूक माफ करतं, लहान करत नाही.

दीडशेच्या आसपास उड्या झाल्यावर माझ्या प्रशिक्षकांनी सांगितलं होतं, "१९० वर ये, शंभर उड्या मार, मग पुढचं बघू." पण आमच्याबरोबरची तिशीतली पोरं १५० वापरत होती. त्यांच्या पाठीवरची पिशवी सडपातळ दिसायची, माझी कणगीसारखी. तेवढ्यात एकाने त्याचं वापरलेलं १५० स्वस्तात विकायला काढलं. मी घेतलं. १९८ भागिले १५०, म्हणजे १.३२. गणित मला येत होतं हो, बाई. तुम्हीच शिकवलंत. पण त्या दिवशी मी ते मांडलंच नाही.

नव्या पॅराशूटवरची माझी नववी उडी. वर सगळं छान झालं. खाली येताना वारा फिरला होता. शेवटचं वळण घेतल्यावर लक्षात आलं, की बाकीचे सगळे उलट दिशेने उतरताहेत आणि वारा माझ्या पाठीत आहे. जमीन शंभर फुटांवर. मनात एकच आलं, सगळे बघताहेत, उलटं उतरलो तर हसतील. उजवी दोरी पूर्ण खाली ओढली. २१० असतं तर कदाचित वळलं असतं आणि मी थोडा लंगडलो असतो. १५० ने नाक खाली घातलं आणि गोफणीतल्या दगडासारखं मला जमिनीवर फेकलं.

नडगी आणि घोटा. एक पट्टी, सात स्क्रू, चार महिने घरात. रिझर्व्ह पाठीवर तसंच घडी केलेलं होतं. ते यंत्रही गप्पच, कारण वर पॅराशूट उघडं असताना मध्ये पडणं हे त्याचं कामच नाही. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. सगळं सामान चालू होतं, मीच नव्हतो.

काय करायला हवं होतं? काहीही नाही. दोन्ही हात सारखे ठेवायचे, पंख सपाट ठेवायचा आणि वारा पाठीत घेऊन सरळ उतरायचं. जोरात उतरलो असतो, घसरलो असतो, कपडे मातीत गेले असते. शिकवताना क्रम सांगतात: पहिलं, पंख सपाट, दुसरं, समोर मोकळी जागा, तिसरं, निदान निम्मे तरी ब्रेक लावून उतरायचं. वाऱ्याला तोंड देणं या तीनांत नाहीच. आणि खाली वळावंच लागलं, तर दोन्ही ब्रेक निम्मे धरून एक बाजू हळूच थोडी सोडायची, पंख सपाट राहून वळतो. हे वर, दोन-तीन हजार फुटांवर, दहा वेळा करून हाताला लावून घ्यायचं असतं. मी नव्या पॅराशूटवर ते एकदाही केलं नव्हतं.

सर, तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात म्हणून एक सांगतो. लांब उडीच्या हौदाशी तुम्ही आम्हाला आधी आठवडाभर नुसतं पडायला शिकवलंत. आम्ही हसायचो. तुम्ही म्हणायचात, "पडायला लाजू नका रे, लाजणाऱ्याचं हाड मोडतं." पाय पुन्हा चालायला लागल्यावर मी परत गेलो, तेव्हा पहिले दोन दिवस मला लाकडी ओट्यावरून उड्या मारायला लावल्या. पाय आणि गुडघे जुळवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, हात छातीशी. आधी तळवा, मग पोटरीची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग पाठीवरून लोळायचं. हात टेकायचे नाहीत, मनगट जातं. छप्पन्न वर्षांच्या माणसालाही ही लोळणफुगडी घालता येते. तुमचा आवाज कानात होता, सर. फक्त तीस वर्षं उशिरा ऐकू आला.

म्हणून बाळा, तुझ्यासाठी ही यादी. पहिलं वर्ष काही विकत घेऊ नकोस, शाळेचं मोठं पॅराशूट वापर. घ्यायची वेळ आली की भागाकार कागदावर लिही आणि तो कागद तुझ्या प्रशिक्षकाला दाखव. वापरलेलं सामान परवानाधारक रिगरकडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नकोस. पैसे वाचवायचे असतील तर सूटवर वाचव, हेल्मेट आणि त्या यंत्रावर नको. उंची दाखवणारं घड्याळ हाताला, आणि कानाशी उंचीची सूचना देणारंही ठेव. पण नजर बाहेर ठेव. तिथे विद्यार्थ्यांना वारा ताशी १४ मैलांच्या वर असला की उडवत नाहीत. ते म्हणतील "आज नाही", तेव्हा वाद घालू नकोस. आणि उतरताना कोण बघतंय याचा विचार कधीही करू नकोस.

आता तिच्या बापाला. अरे, तू तिसऱ्या बाकावर माझ्या शेजारी बसायचास, घाटावर तुझे कपडे मीच सांभाळायचो. तिला जाऊ दे असं मी म्हणत नाही. बाप तू आहेस. धोका आहे, आणि तो शून्य कधीच होत नाही. पण नको म्हणायचं असेल तर माझ्या खोट्याचा आधार घेऊन म्हणू नकोस. नशीब नव्हतं रे ते. हावरेपणा होता आणि लाज होती. या दोन्हींवर शिस्तीचा उपाय असतो, आणि तुझी मुलगी प्रश्न विचारते, म्हणजे ती माझ्यापेक्षा शहाणी आहे.

मी सध्या १९० वापरतो. पिशवी पुन्हा कणगीसारखी दिसते. पोरं "अंकल" म्हणतात. गेल्या महिन्यात वारा फिरला, मी सरळ वारा पाठीत घेऊन उतरलो, वीस फूट घसरलो, पार्श्वभागावर मातीचा मोठा डाग घेऊन चालत आलो. सगळे हसले. मीही हसलो.

आणि अभिषेक करणाऱ्या मैत्रिणीची मनापासून माफी मागतो. देवाने ऐकलं असणार, मीच कारण चुकीचं सांगितलं होतं.