शेपटीतल्या माणसाचं ऐकणं
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



मला ‘सांघिक कार्य’ या विषयावर बोलायला सांगितलंय. मी बँकेतला माणूस, पण वाचनाचा नाद विमानांचा. म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरबद्दल सांगतो.

या विमानात सात जण असत. वैमानिक, इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, वायरलेसवाला आणि दोन गनर. यांच्या जोड्या वरून हुकूम काढून लावत नसत. प्रशिक्षण केंद्रात पोरांना एका हँगरमध्ये जमवायचे आणि सांगायचे, तुमचे तुम्ही सोबती निवडा! आपल्याकडे लग्नंसुद्धा इतक्या घाईत जमत नाहीत. कप्तान मात्र वैमानिकच. मग तो साधा सार्जंट आणि नॅव्हिगेटर हुद्द्याने मोठा असला तरी.

मला मात्र भिडतो तो शेपटीतला गनर. एकटा, कडाक्याच्या थंडीत, बाकी सहा जणांकडे पाठ करून तासन्‌तास अंधारात बघत बसलेला. शत्रूचं विमान मागून आलं की तो इंटरकॉमवर ओरडायचा, “कॉर्कस्क्रू पोर्ट, गो!” वैमानिक त्याच क्षणी विमान डावीकडे खाली झोकून द्यायचा. “नक्की का रे?” असं विचारत बसायला वेळच नसे. एवढं करूनही ब्रिटिश बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० वायुसैनिकांपैकी ५५,५७३ मेले. उत्तम जमलेल्या क्रूही गेल्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

हे वाचलं की मला माझी एक शाखा आठवते. तारण मालाच्या गोडाऊनवरचा आमचा वॉचमन म्हणाला होता, “साहेब, मागच्या थप्पीतली पोती हलकी लागतायत.” मी म्हटलं, “तुम्ही कुलूप सांभाळा, हिशेब आम्ही बघतो.” चार महिन्यांनी तपासणी झाली. पुढच्या रांगेत साखर, मागे नुसता भुसा! माझी चौकशी झाली, प्रमोशन तीन वर्षं लांबलं. त्याचं वाईट वाटत नाही. त्या माणसाची माफी मागायची राहिली, तो आधीच रिटायर होऊन गावी गेला होता.

आता घरचं. आपल्या बी विंगच्या वॉचमनने पाण्याच्या टाकीखाली स्लॅबला चीर गेल्याचं गेल्या महिन्यात दोनदा सांगितलंय. सेक्रेटरीसाहेब, उद्या सकाळी सात वाजता मी गच्चीवर येतो. त्यालाही बोलवा.