बाराशे वाचवले, तीन हजार घालवले

इअरफोन लावलेत ना? आज मी पुण्यातून नाही, परतूरच्या आमच्या घराच्या गच्चीवरून बोलतोय. समोर कापूस वाळत घातलाय. मधेच रेल्वेचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय साधा आहे. कोणत्या कामाने मालाची किंमत वाढते आणि कोणतं काम नुसतंच घाम गाळणं असतं?

मी बीटेक झालेला, सॉफ्टवेअरवाला. ऑफिसात माझं काम म्हणजे फालतू स्टेप शोधायची आणि काढून टाकायची. मागच्या दिवाळीत सुट्टीवर आलो आणि तोच उद्योग घरी केला.

आमच्याकडे वेचणी दव उडाल्यावर सुरू होते, नऊ-साडेनऊला. डागी कापूस, म्हणजे कवडी, वेगळा ठेवायचा. पालापाचोळा येऊ नये म्हणून माय बायांना किलोमागे दोन रुपये जास्त देते. मग एक दिवस गच्चीवर वाळवण. मी मोबाईल काढला. सहा क्विंटल म्हणजे सहाशे किलो, किलोला दोन रुपये, बाराशे वाचतात! म्हटलं, सकाळी सहालाच सुरू करा, सगळा एकत्र भरा, वाळवणं बंद. माय एवढंच म्हणाली, "तुला लई कळतं, तर कर बाबा."

व्यापाऱ्याने गाडीत हात घातला, मूठ दाबली, ओलावा मोजायचं मशीन लावलं. क्विंटलमागे पाचशे कमी. सहा क्विंटलचे तीन हजार गेले. परत येताना अण्णा एक शब्द बोलले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

असं का झालं? मायकल पोर्टर या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९८५ साली 'व्हॅल्यू चेन' ही कल्पना मांडली. धंदा म्हणजे कामांची साखळी, आणि गिऱ्हाईक जास्त पैसे का देतं ते या एकेका कामात शोधायचं. आता आपला कापूस बघा. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होते. क्विंटलमागे साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते. १७० किलोची एक गाठ, म्हणजे जवळपास पाच क्विंटल कापूस. सरकीचं तेल निघतं, पेंड म्हशीला जाते. रुईचं सूत, सुताचं कापड.

ओल्या कापसात व्यापारी पाण्याचेही पैसे मोजतो. वर ओल्या कापसाची रुई पिवळी पडते. पानाचा चुरा पार सुतापर्यंत जातो. म्हणून सीसीआयसुद्धा ८ टक्के ओलाव्यापर्यंतच पूर्ण हमीभाव देते, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात करते आणि त्यावरचा माल घेत नाही.

म्हणजे माय गच्चीवर नवीन काहीच बनवत नव्हती, पण पुढच्या माणसाची डोकेदुखी कमी करत होती. मी खर्च बघितला. त्या खर्चातून काय मिळत होतं, ते बघितलंच नाही.

याचा अर्थ जुनं ते सगळं सोनं, असाही नाही. अण्णा आधी भाव न विचारता गाडी घेऊन मोंढ्यात जायचे आणि अर्धा दिवस ताटकळायचे. त्या थांबण्याने कापूस ना वाळला, ना स्वच्छ झाला. आता ते आधी फोन करून भाव विचारतात. ती स्टेप काढली ते बरंच झालं.

मी आता एकच प्रश्न विचारतो: हे काम उद्या बंद केलं, तर पुढच्या माणसाला फरक पडेल का? ऑफिसात आमची टेस्टर माझा कोड परत पाठवते, तेव्हा मी वैतागायचो. तीही कवडीच वेगळी काढते की!

यंदा घरच्या हिशोबाच्या वहीत मी एक रकाना वाढवलाय, मायच्या निवडणी-वाळवणीच्या तासांचा. बायांच्या रोजाप्रमाणे पैसे तिच्या खात्यात जमा करायचे. ती आधी चिडली, "माझ्याच घरात मला मजुरी?" संध्याकाळी भाकरी थापताना हळूच विचारलं, "किती झाले रे?"

तुमच्या घरातही असं एखादं काम असेल, कुठल्याच वहीत नसलेलं. आज ते शोधा. चला, ऊन उतरतंय, मला कापूस गोळा करायचाय. भेटू पुढच्या भागात!