‘काढलं’ या शब्दाविषयी



कासुर्डीत साहित्य संमेलन भरवलंत आणि एका निवृत्त मराठी शिक्षकाला अध्यक्ष केलंत, याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. मांडवाकडं येताना सोलापूर रस्त्यावर शिफ्ट सुटलेली पोरं गाडीतून उतरताना दिसली. आपल्या भागातली पोरं कुणी कुरकुंभच्या कारखान्यांत जातात, कुणी नदी ओलांडून रांजणगावच्या. त्यांच्या संदर्भात मला आज एका शब्दाबद्दल बोलायचं आहे.

नोकरी गेलेला माणूस घरी येऊन एवढंच सांगतो, ‘काढलं.’ घरच्यांना तेवढ्यानं सगळं कळतं. कायद्याला मात्र कळत नाही. काम उरलं नाही म्हणून काढलं तर ती छाटणी. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढलं तर बडतर्फी. आणि स्वतःच सोडलं असं लिहून दिलं, तर तो राजीनामा. चूल तिन्ही घरी सारखीच थंडावते, पण कागदावर यातला कोणता शब्द आहे, त्यावर पुढचे तीन महिने ठरतात.

ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचा हप्ता, कापला जातो, त्यांच्यासाठी 1 जुलै 2018 पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. सुरुवातीला ती सरासरी रोजाचा चौथा हिस्सा देत असे, 2020 च्या टाळेबंदीत तो निम्मा झाला. म्हणजे रोज 500 रुपये असेल, तर 250 प्रमाणे 90 दिवसांचे 22,500. अट अशी, की दोन वर्षं विमा असलेली नोकरी हवी, नोकरी जाण्याआधीच्या सहामाहीत 78 दिवस भरलेले हवेत आणि त्यामागच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत पुन्हा 78. अर्जासाठी मालकाच्या दारात जावं लागत नाही. पण शिस्तभंगाची शिक्षा म्हणून काढलेल्याला हे पैसे नाहीत, आणि स्वेच्छेनं काम सोडणाऱ्यालाही नाहीत.

माझा एक जुना विद्यार्थी असाच घरी बसला. ऑर्डर कमी झाल्या म्हणून त्याच्यासह बरीच माणसं कमी केली होती. ऑफिसात सांगितलं, राजीनामा लिहून दे, हिशोब लगेच मिळेल, नाहीतर लटकशील. त्यानं लिहून दिलं, ‘घरगुती अडचणीमुळे मी स्वेच्छेने काम सोडत आहे.’ नंतर त्यानं मला तो कागद दाखवला. अक्षर वळणदार, एक वेलांटी चुकलेली नव्हती. मीच शिकवलेलं शुद्धलेखन होतं ते. वाक्य निर्दोष होतं आणि खोटं होतं. ‘स्वेच्छेने’ या एका शब्दापायी त्याचा हक्क गेला. त्या रात्री मला झोप लागली नाही. निबंध, सारांश, कल्पनाविस्तार सगळं शिकवलं. सही करण्याआधी कागद कसा वाचावा, हे मी एकदाही शिकवलं नाही.

कामगारांसाठी लेखणी कशी वापरावी, हे आधीच्यांनी दाखवलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे संपादक होते, ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवत होते. 1884 साली मुंबईत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारची सुट्टी सगळ्यांना आठवते, ती 1890 साली मिळाली. पण त्याच निवेदनात, गिरणीत जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार मिळावा, अशीही मागणी होती. काम थांबलं तरी पोट थांबत नाही, हे त्यांनी त्या काळी लिहून मागितलं. वि. स. पागे यांनी मांडलेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचंही तसंच. 1977 च्या कायद्यानं काम मागणाऱ्याला काम, नाहीतर बेकारी भत्ता कबूल केला. तिथंही अर्ज लागायचाच.

खेड्यात लिहिता येणाऱ्याकडं लोक अर्ज घेऊन येतात. आपण लेखक मंडळी कविता लिहितो, पण अर्ज लिहायला कमीपणा मानतो. मला हे मान्य नाही. बडतर्फीचं पत्र आलं, तर आधी आरोपपत्र दिलं होतं का, चौकशी झाली होती का, कामगाराला बोलू दिलं का, हे विचारणं आपलं काम आहे. युनियन नसली तरी एकट्या कामगारालाही काढल्याविरुद्ध दाद मागता येते. औद्योगिक विवाद कायद्यातल्या 1965 च्या दुरुस्तीनं तो दरवाजा उघडला. आणि ज्याला काम नाही म्हणून कमी केलं, त्याच्या कागदावर ‘कमी केलं’ असंच यायला हवं. तो शब्द मिळेपर्यंत सही थांबवायला त्याच्या शेजारी कुणीतरी बसलेलं हवं.

उद्या सकाळी कविसंमेलनाआधी मी शाळेच्या पहिल्या वर्गात बसणार आहे, दोन वकील मित्रही येतायत. ज्यांना काढलंय, त्यांनी पिशवीत असेल ते घेऊन या. पगाराच्या स्लिपा, ईएसआयचं कार्ड, बँकेचं पासबुक आणि ‘उद्यापासून येऊ नको’ असा सुपरवायझरचा मेसेज असेल, तर तोही पुसू नका.