हातातला फोन आणि घरातला विवेक

(अकोल्याच्या जुने शहर भागातील कुटुंब एकत्रीकरणात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वराला जलाभिषेक करण्याची परंपरा या जुन्या शहराने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. कावड खांद्यावर घेणाऱ्याला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. दोन्ही टोकांचा भार सारखा असेल, तरच वाट चालता येते. संसाराचेही तसेच आहे. एका टोकाला गरज असते, दुसऱ्या टोकाला हौस. हौसेचे पारडे नकळत जड होत जाते, आणि खांदा दुखू लागल्यावरच ते ध्यानात येते.

आजचा विषय वरकरणी किरकोळ वाटेल. हातातला जुना स्मार्टफोन वापरत राहावा, की नवा घ्यावा? परंतु ज्या प्रश्नावरून आज घरोघरी पिता-पुत्रांत अबोला धरला जातो, तो प्रश्न किरकोळ म्हणता येणार नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणावे. आबाजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या निवृत्तिवेतनावर त्यांचे आणि आजीचे औषधपाणी चालते. मुलगा नोकरीत, सूनबाई घर सांभाळून शिकवण्या घेतात. नातू अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला, नात दहावीला. नातवाचा फोन तीन वर्षांचा झाला आहे. सकाळी भरलेली बॅटरी दुपारी संपते, फोन अडखळतो. तो म्हणतो, "बाबा, सगळ्यांकडे नवे फोन आहेत. हप्त्याने घेऊ, व्याजही नाही." वडिलांना नाही म्हणवत नाही आणि हो म्हणताना महिन्याचा हिशेब आठवतो. नवा फोन आला, तर नातवाचा फोन आबाजींकडे जाणार, आणि आबाजींचा सात वर्षांचा फोन खणात पडणार, असे ठरल्यासारखेच आहे. असे घर या वस्तीत शोधावे लागणार नाही.

जुने होणे आणि जुने ठरवले जाणे

वस्तू दोन प्रकारांनी जुनी होते. एक ती झिजते, दुसरे ती जुनी ठरवली जाते. या दुसऱ्या प्रकाराला मोठा इतिहास आहे. १९२४ साली विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या उत्पादकांनी जिनिव्हात 'फिबस' नावाचा संघ स्थापन केला आणि दिव्याचे आयुष्य एक हजार तासांपर्यंत खाली आणण्याचे ठरवले. ज्याचा दिवा अधिक काळ टिके, त्याला दंड होई! पुढे १९३२ साली, मंदीच्या ऐन काळात, अमेरिकेत बर्नार्ड लंडन यांनी वस्तूंचे आयुष्य कायद्यानेच ठरवून द्यावे, म्हणजे लोक पुन्हा पुन्हा खरेदी करतील, असा प्रस्ताव मांडला.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी २२ ते २५ एप्रिल १९६५ या काळात मुंबईत जी चार व्याख्याने दिली, त्यांत या अर्थरचनेच्या मर्मावर बोट ठेवले होते. पूर्वी गरज होती म्हणून उत्पादन होत असे. आता उत्पादन झाले आहे म्हणून गरज निर्माण केली जाते, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. त्या वेळी आपल्या देशात साधा दूरध्वनी मिळवण्यासाठीही वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असे. आज दरवर्षी त्याच कंपनीचा नवा फोन येतो आणि गतवर्षीचा फोन बाळगणाऱ्याला ओशाळे वाटावे, अशी जाहिरात होते.

मात्र एकाच बाजूने निवाडा करणे न्यायाचे होणार नाही. २०१७ च्या डिसेंबरात अॅपल कंपनीने मान्य केले की, बॅटरी जीर्ण झालेल्या फोनचा वेग आज्ञावलीद्वारे कमी केला जात होता. फोन अचानक बंद पडू नये म्हणून ही योजना होती, असे कंपनीचे म्हणणे होते, आणि त्यात तांत्रिक तथ्यही होते. परंतु ग्राहकाला ते सांगितले नव्हते. त्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. या प्रकरणाचा धडा सर्वांच्या उपयोगाचा आहे. बॅटरी बदलताच त्या फोनचा वेग परत येत होता. म्हणजे म्हातारी झाली होती ती बॅटरी, फोन नव्हे. किती जणांनी केवळ ठाऊक नसल्यामुळे चांगला फोन टाकून नवा घेतला असेल!

लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य भरण्या-रिकामे होण्याच्या चक्रांत मोजले जाते. साधारण पाचशे ते आठशे पूर्ण चक्रांनंतर तिची क्षमता मूळच्या सुमारे ऐंशी टक्क्यांवर येते. उष्णता तिची मोठी वैरी. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या अकोल्यात तापलेल्या गाडीत ठेवलेला किंवा उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन अकाली म्हातारा होतो. बॅटरी फुगली असेल, तर मात्र क्षणभरही हयगय करू नये; ती तत्काळ जाणकाराकडून काढून घ्यावी.

आणि फोन मंद होण्याचे आणखी एक कारण तर घरचेच आहे. साठवणुकीची जागा भरली की फोन अडखळतो. ती कशाने भरली, हे पाहावे, तर शेकडो सुप्रभात, फुलांची चित्रे आणि कुणी कुणाला पाठवलेले चलच्चित्रांचे ढीग! दिवाळीपूर्वी माळा साफ करणाऱ्या घराला फोनचा माळा साफ करणे जड जाऊ नये.

बोहारीण आणि गाडगेबाबा

जुने देऊन नवे घेण्याची योजना आज दुकानांवर झळकते. पण ती काही नवी नाही. बोहारीण दारावर येई, जुने कपडे घेई आणि भांडे देई. ते कपडे पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जात. त्यातूनही जे उरे, त्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीचे पायपुसणे होई. वस्तूचे शेवटचे सूत संपेपर्यंत तिचा मान राखला जाई. याला दारिद्र्य म्हणणे चूक आहे. सुखवस्तू घरांतही हीच रीत होती. योगशास्त्राने ज्याला अपरिग्रह म्हटले, तो आपल्या आजीने कोणताही ग्रंथ न वाचता आचरला.

आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या गाडगेबाबांनी अंगावर चिंध्या आणि हातात गाडगे एवढाच संसार ठेवला. पण त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा उभ्या राहिल्या, शाळा-वसतिगृहे उभी राहिली. कर्ज काढून सण साजरे करू नका, हवे तर अंगावरचे वस्त्र हलके घ्या. पण मुलांना शिकवा, हा त्यांच्या कीर्तनाचा गाभा होता. खर्च करू नका, असे बाबांनी सांगितले नाही. कशावर करावा, ते सांगितले.

बाबांच्या काळी सावकार होता, आज मासिक हप्ता आहे. 'बिनव्याजी हप्ता' या शब्दाला भुलू नये. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले होते की, शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही. व्याज कुठे प्रक्रिया शुल्कात लपते, कुठे रोखीवर मिळू शकणारी सवलत नाकारून वसूल होते.

साधे गणित पाहावे. चोवीस हजारांचा फोन तीन वर्षांत टाकला, तर वर्षाला आठ हजार रुपये पडतात. त्यातच दीड हजारांची नवी बॅटरी घालून तो पाच वर्षे चालवला, तर वर्षाला पाच हजार शंभर. घरात असे चार फोन असतील, तर वर्षाला अकरा हजार सहाशे रुपये वाचतात. नातीच्या शिकवणीचे किंवा आजीच्या औषधांचे पैसे यातून उभे राहू शकतात.

काटकसर म्हणजे जोखीम नव्हे

परंतु जुने ते सारे सोने, असेही नाही. फोन ही गोधडी नव्हे. त्यात घराची तिजोरी आहे. २०१६ साली 'यूपीआय' सुरू झाल्यापासून भाजीचे पैसेही फोनवरून जातात. ई-पीक पाहणीसाठी २०२१ पासून शेतकऱ्याला पिकाचे छायाचित्र फोनवरून नोंदवावे लागते. त्याच वर्षापासून निवृत्तिवेतनधारकाला चेहरा दाखवून हयातीचा दाखला फोनवरूनच देता येतो. अशा साधनाला सुरक्षेची अद्ययावत आज्ञावली मिळणे बंद झाले असेल, तर ते कुलूप तुटलेल्या दारासारखे आहे. दार मजबूत दिसते, पण चोराला अडवत नाही.

येथेच घराघरांत एक मोठी चूक होते. नवा फोन तरुणाला, त्याचा जुना वडीलधाऱ्यांना आणि सर्वांत जुना आजीला, अशी उतरंड आपोआप लागते. ज्याच्या खात्यात आयुष्यभराची पुंजी आहे आणि फसवणूक ओळखण्याचा सराव ज्याला सर्वांत कमी आहे, त्याच्याच हाती सर्वांत कमकुवत कुलूप दिले जाते. ही काटकसर नव्हे, हा अविचार होय. फसवणूक झालीच, तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे. पण त्याआधी कुलूप नीट असावे.

म्हणून निर्णयापूर्वी घराने एकत्र बसून चार प्रश्न विचारावेत. या फोनला सुरक्षेची अद्ययावत आज्ञावली अजून मिळते का? बँकेचे आणि नित्य कामाचे उपयोजन त्यावर चालते का? बिघाड बॅटरी, पडदा, चार्जिंगची जागा असा दुरुस्त होणारा आहे का, आणि दुरुस्तीचा खर्च फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या आत आहे का? चौथा प्रश्न सर्वांत अवघड. नवा फोन कामासाठी हवा आहे, की चारचौघांत दाखवण्यासाठी? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर जुना फोन ठेवावा. पहिल्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर नि:संकोच बदलावा. त्यात उधळपट्टी नाही.

नवा घेतानाही विचार करून घ्यावा. सुरक्षेची हमी किती वर्षांची, हे कॅमेऱ्याच्या आधी विचारावे. काही कंपन्या आपल्या महागड्या फोनना आता सात वर्षांची हमी देतात. वापरलेला फोन घ्यायचा असेल, तर *#०६# दाबून त्याचा क्रमांक पाहावा आणि 'संचार साथी' या शासकीय सुविधेवर तो चोरीचा तर नाही ना, याची खात्री करावी.

स्वदेशीचा आजचा अर्थ

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांच्या प्रेरणेने १९९१ साली स्वदेशी जागरण मंच उभा राहिला. स्वदेशी म्हणजे देशभक्तीचे व्यावहारिक रूप, ही त्यांची शिकवण. फोनच्या बाबतीत हे रूप कोणते? आज भारत मोबाइल निर्मितीत जगात दुसऱ्या क्रमांकावर पोहोचला आहे, ही अभिमानाची गोष्ट आहे. तरीही भारतात जोडल्या गेलेल्या फोनचे अनेक महत्त्वाचे सुटे भाग अद्याप बाहेरून येतात, हे सत्य नाकारण्यात अर्थ नाही. कोबाल्ट कांगोच्या खाणींतून येते, लिथियम ऑस्ट्रेलिया-चिलीतून. म्हणजे अनावश्यक फोनवर खर्च केलेल्या पैशाचा मोठा वाटा देशाबाहेर जातो. उलट दुरुस्तीची मजुरी मोर्णेच्या अलीकडे-पलीकडेच राहते. भिंग लावून झाळकाम करणाऱ्या तरुणाच्या घरची चूल त्यावर पेटते. दुरुस्ती हीच या काळातली सर्वांत सोपी स्वदेशी होय.

शासनानेही हा विचार स्वीकारला आहे. २०२२ च्या राष्ट्रीय ग्राहक दिनी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू झाले. वस्तू किती दुरुस्तीयोग्य आहे, हे गुणांकाने दाखवण्याविषयीचा समितीचा अहवाल २०२५ साली सादर झाला. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या प्रकाराची विक्री थांबल्यावरही सात वर्षे सुटे भाग पुरवण्याचे बंधन घातले. ज्या युरोपात दिव्याचे आयुष्य घटवण्याचा करार झाला, तोच युरोप शंभर वर्षांनी दुरुस्तीकडे वळला आहे.

आणि शेवटी टाकून देण्याचा प्रश्न. २०२२ साली जगात ६.२ कोटी टन विद्युत कचरा निर्माण झाला. त्यातील जेमतेम २२ टक्क्यांची नोंदणीकृत पद्धतीने विल्हेवाट लागली. उरलेल्यापैकी कितीतरी उघड्यावर जळतो, आम्लात बुडतो आणि त्याचे विष माती-पाण्यात उतरते. मोर्णा स्वच्छ करण्यासाठी ज्या अकोलेकरांनी २०१८ साली हातात फावडी घेतली, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. खणात पडलेला फोन आधी माहिती पुसून, सिम काढून नोंदणीकृत संकलकाकडे द्यावा. घंटागाडीत टाकू नये.

आता त्या घराकडे वळू. आबाजी, मुलगा, सूनबाई आणि नातवंडे रविवारी जेवणानंतर चार प्रश्न घेऊन बसली, तर काय निघेल? नातवाच्या फोनला अजून दोन वर्षे आज्ञावली मिळणार आहे. त्याला हवी ती बॅटरी आणि साफसफाई. आबाजींच्या फोनवर मात्र बँकेचे उपयोजन चालेनासे झाले आहे. ते कुणाला बोलले नाहीत, कारण खर्च सांगायला त्यांना संकोच वाटतो. ज्याने मागितला त्याला नव्हे, तर ज्याने मागितलाच नाही त्याला नवा, साधा, पण सुरक्षित फोन हवा आहे. नातू हे समजला आणि त्याने स्वतः आबाजींना तो वापरायला शिकवले, तर त्या घराने फोनहून मोठे काहीतरी मिळवले.

कुटुंबप्रबोधन म्हणतात ते याहून वेगळे नाही. कावडीची दोन्ही टोके सारखी झाली की खांदा दुखत नाही.

भारत माता की जय!