बशीतला गुण आणि अंगातला गुण



मी सातवी शिकलेली. चूकभूल पदरात घ्यावी. माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ आली. लाजेपायी त्यांनी चार महिने ती लपविली, आणि कुणी सांगितलेला काढा घेत राहिल्या. दवाखान्यात नेले तेव्हा फार उशीर झाला होता.

वनस्पतीत गुण नाही, असे मी म्हणत नाही. अंगणातल्या सदाफुलीपासूनच रक्ताच्या कॅन्सरवरची औषधे निघाली. अमेरिकेत यू नावाच्या झाडाची साल १९६२ साली तपासणीस नेली. तिच्यातले टॅक्सॉल स्तनाच्या कॅन्सरवर तेथे १९९४ साली मान्य झाले. मध्ये गेली बत्तीस वर्षे!

प्रयोगशाळेत बशीत वाढविलेल्या कॅन्सरच्या पेशींवर अर्क घालतात व किती मेल्या ते पाहतात. पण त्या पेशी कडक मिठाच्या पाण्यानेही मरतात. बशीला ना पोट, ना काळीज. अर्क अंगात गाठीपर्यंत पोचेल का, चांगल्या पेशी वाचतील का, हे पुढे वर्षानुवर्षे पाहावे लागते.

म्हणून बायांनो, काढा खोकल्यापुरता ठेवा. गाठ हाताला लागली तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. लाज बाळगू नका.