खेळाच्या तासानं आम्हाला काय दिलं

आम्ही डी.एल.एड.च्या छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षिका होण्याचा अभ्यास करणाऱ्या मुली. या अभ्यासात काही आठवडे खऱ्या शाळेत जाऊन शिकवावं लागतं. धानोरा तालुक्यातल्या शाळांत आमच्या वाट्याला शारीरिक शिक्षण आलं. मुलं त्याला खेळाचा तास म्हणतात. या तासानं आम्हाला मुलांकडे नीट बघायला शिकवलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

वर्गात मूल पुस्तकाआड लपतं. मैदानावर लपायला जागा नसते. कोण लवकर दमतं, कोण उपाशी आलं, कोणाला कमी ऐकू येतं, सगळं दिसतं. म्हणून आम्ही एक वही केली. रोज तीन मुलांची नावं लिहायची आणि त्यांच्याबद्दल जे दिसलं ते. मोहाच्या दिवसांत पळायला लावण्याआधीच विचारायचं, पहाटे मोह वेचायला कोण गेलं होतं? काय खाऊन आलात? अंधारात उठलेल्या पोरीला त्या दिवशी पळवायचं नाही, तिच्या हाती शिट्टी द्यायची.

लहान वर्गांतली बरीच मुलं घरी गोंडी बोलतात. आम्ही मोजणी एकदा मराठीत आणि एकदा गोंडीत सुरू केली. आम्ही 'उंदी' म्हटलं की पुढचे आकडे तीच ओरडून सांगत. अंग मोकळं करायला रेला नाचाची पावलं घेतली. ती कुणालाच शिकवावी लागली नाहीत.

मग खो-खो. मोठ्यांचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असतं. मुलांनीच दोरीनं मापलं, चुन्यानं आखलं. गणिताचा तास तिथंच झाला. या खेळाला दोन खांब आणि मोकळी जागा पुरते. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. तो जिंकणाऱ्या भारताच्या महिला संघाची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे होती. हे सांगितलं तेव्हा मुली कान देऊन ऐकत होत्या.

तरी सहावी-सातवीच्या काही मुली कडेलाच उभ्या राहत. चारचौघांत न विचारता एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. कुणाची पाळी आलेली, कुणाच्या कडेवर धाकटा भाऊ, कुणाला दोन पावलांत धाप लागायची. धाप लागणारी पोर आळशी नसते, मैत्रिणींनो. तिच्या अंगात रक्त कमी असू शकतं. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर ते कमीच. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते.

आपल्या भागात सिकलसेलही आहे. अशा मुलाला उन्हात पळवू नये, पाणी वरचेवर पाजावं, थंडीत जपावं. हातपाय दुखतात म्हणालं तर लगेच बसवावं आणि दवाखान्यात दाखवावं. लोहाची गोळी त्याला डॉक्टरांना विचारूनच द्यावी. पण त्याला खेळातून काढू नये. गुण मोजणं, वेळ बघणं, पंच होणं हाही खेळच आहे. घरात कुणाला सिकलसेल असेल तर तेवढं शिक्षकांच्या कानावर घाला.

गुण देताना आम्ही पहिला कोण आला ते पाहिलं नाही. मागच्या आठवड्यापेक्षा तीच मुलगी किती पुढे गेली, ते पाहिलं. आमची वाढही आम्ही तशीच मोजतो. आता ओरडल्याशिवाय चाळीस मुलं गोल उभी करता येतात. आणि त्या गोलाबाहेर कोण राहिलं, तिकडे आमची नजर आधी जाते.

एका आईनं विचारलं, "पोरीनं खेळून का होते जी?" आम्ही तिला शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याचं सांगितलं. मे 2018 मध्ये तिथल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर चढली. त्यांत मनीषा धुर्वे ही आपल्यासारख्याच घरची पोर होती. प्रत्येक पोर डोंगर चढणार नाही. पण चार जणींत बोलायला, हरलं तरी उद्या परत यायला, आपल्या अंगाचा भरवसा धरायला ती मैदानावर शिकते. पुढं बचतगटात, ग्रामसभेत हेच कामी येतं.

म्हणून तुमच्या गटाला तीन कामं सांगतो. शिक्षण हक्क कायदा शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असावं असं सांगतो. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्यात असंही सांगतो. तर समितीच्या सभेत विचारा, वेळापत्रकातला खेळाचा तास खरंच होतो का? दुसरं, मैदानाजवळ पिण्याचं पाणी आहे का ते स्वतः जाऊन बघा. तिसरं तुमच्या घरातलं आहे. संध्याकाळी पाणी आणि लहान भाऊ तासभर दुसऱ्या कुणाकडे द्या, आणि पोरीला खेळायला सोडा.