जादा पाटा आणि उंच जीप

साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासकडे निघणाऱ्या हौशी मंडळींच्या काही जीपगाड्या अलीकडे मूळच्यापेक्षा चार-सहा बोटे उंच झालेल्या दिसतात, आणि इकडे सांगलीच्या बाजूस ऊसगाळपाचा हंगाम जवळ आला की, मालमोटारीच्या कमानीत एखादा जादा पाटा घालून घेण्याचा विचार मालकाच्या मनात घोळू लागतो. एकीकडे हौस, दुसरीकडे रोजगार. समर्थन मात्र एकच, की गाडी आमची, मग सरकारची हरकत कसली?

ही हरकत मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ मध्ये नमूद आहे: नोंदणी-दाखल्यातील तपशील निर्मात्याने मूळ ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत होईल, असा फेरबदल करण्याची मुभा मालकास नाही, आणि केरळातील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा हाच अर्थ कायम केला. दाखल्यात वजन असते, आसने असतात, स्प्रिंगची उंची कोठे असते, असे एखादा चाणाक्ष मालक विचारील. परंतु त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये मागाहून बसविलेल्या सुट्या भागांचाही स्पष्ट उल्लेख असून, कायद्यास मान्य नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. झिजलेला शॉकअब्सॉर्बर काढून त्याच जातीचा नवा बसविणे ही अर्थातच निव्वळ दुरुस्ती होय.

उंच जीपचा गुरुत्वमध्य वर सरकतो, वळणावर ती कलंडण्याचा संभव वाढतो, आणि तिच्या दिव्यांचा झोत समोरच्या चालकाच्या थेट डोळ्यांत जातो. तथापि मला अधिक धास्ती वाटते ती जादा पाट्याची. कारण पाटा वाढला की गाडी दबत नाही, गाडी दबली नाही की भार अधिक झाल्याची खूण उरत नाही, आणि ब्रेक, आस, टायर व दाखल्यातील एकूण वजनाची मर्यादा मात्र जिथल्या तिथेच राहते. अशा जादा भारास कलम १९४ अन्वये २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंड आहे. मिस्त्रीने घातलेला पाटा त्यातून सुटका देत नाही.

म्हणून मालकांना माझी विनंती एवढीच की, फेरबदल करावयाचाच असेल तर प्रथम आपल्या परिवहन कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा, आणि तेथून लेखी मंजुरी हाती येईपर्यंत गॅरेजवाल्यास विसार देऊ नये.